मांडवाच्या कडेला

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. वरात मांडवाच्या तोंडाशी येऊन तासभर झाला, तरी पोरं नाचायची थांबत नव्हती. मांडवाच्या कडेला, पाण्याच्या जारपाशी चार-पाच जण उभे होते. वयानं तिशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे मागं बांधलेले. कोणी बोलावलं की पंगतीला पाणी द्यायचं, खुर्च्या सरकवायच्या, आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन उभं राहायचं. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. चौतीस वर्षांचा. घरची नऊ एकर, विहीर असलेली, ओलिताची जमीन. वडील थकले म्हणून थोरला मागं राहिला. धाकटा चाकणला कंत्राटी कामाला लागला आणि सव्विसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. थोरला मला म्हणाला, "सर, बायोडाटात आता 'शेती' लिहायचंच सोडलं. नुसतं 'व्यवसाय' लिहितो."

हे पुस्तक खरं तर त्या वाक्यापासून सुरू झालं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय हे नाव मी वर्गात वीस वर्षं घेत आलो होतो. 'सांस्कृतिक भांडवल' ही त्याची कल्पना विद्यापीठाच्या पेपरात पाच गुणांना येते, मुलं चार मुद्दे लिहितात, गुण मिळतात. पण बूर्दियनं स्वतःच्या गावाकडं जाऊन काय लिहिलं होतं, ते मी त्या लग्नानंतर वाचलं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बेआर्न नावाचा मुलूख आहे. बूर्दिय तिथल्याच एका खेड्यात १९३० साली जन्मला. तिशीच्या सुमारास तो तिथं परत गेला आणि १९६२ साली शेतकऱ्यांच्या अविवाहितपणावर त्यानं एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यात नाताळचा नाच आहे. शहरातल्या पद्धतीची गाणी लागलेली, तरुण जोडपी नाचताहेत, आणि भिंतीलगत गावचे शेतकरी उभे आहेत. वयानं तिशी ओलांडलेले. ते नाचत नाहीत, निघूनही जात नाहीत, मध्यरात्रीपर्यंत बघत राहतात. त्यांच्या अंगात जड मातीत चालायची सवय मुरलेली. तीच चाल तिथं त्यांना नाचू देत नाही, आणि ते त्यांना स्वतःलाही कळतं. बेआर्नमध्ये घर आणि जमीन एकाच वारसाकडं, बहुधा थोरल्याकडं जायची. एके काळी त्या वारसाला मुली सांगून यायच्या. आता तोच मागं राहिला होता, आणि ज्यांना जमीन मिळाली नाही म्हणून गाव सोडावं लागलं, ते धाकटे शहरात संसाराला लागले होते.

मी ते वाचलं तेव्हा मला पाण्याचे जार दिसले.

बेआर्न आणि मानोरा एकच आहेत, असं या पुस्तकाला अजिबात म्हणायचं नाही. आपल्याकडं जमीन सगळ्या भावांत वाटली जाते, त्यामुळं थोरल्याचा मान आणि धाकट्याची हकालपट्टी असं सरळ गणित नाही. आपल्याकडं जात आहे. सोयरीक जातीतच, त्यातही पोटजातीत, आणि ते वर्तुळ आधीच लहान. शिवाय मुलीच कमी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. त्या वयाची पिढी आता लग्नाला येते आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नकार देणारी मुलगी काय बघते आहे? 'शिपाई चालेल, शेतकरी नको' हे वाक्य गावोगाव चेष्टेनं किंवा चिडून सांगितलं जातं. पण त्या मुलीनं आईचे हात पाहिलेले असतात. कार्तिकात कापसाच्या बोंडांची वाळलेली टोकं बोटांच्या पेरात शिरून झालेल्या चिरा, त्यावर रात्री चोळलेलं खोबरेल तेल, आणि सकाळी पुन्हा कमरेला बांधलेली ओटी. ती नकार देते तो या हातांचा हिशेब करून. बूर्दियच्या लेखातही गावातून आधी मुलीच मनानं बाहेर पडतात, पण त्याची नजर मुलांवर जास्त खिळलेली आहे. वाशीममध्ये बसून तो लेख वाचला की ही उणीव लगेच डोळ्यांत भरते.

युरोपातल्या समाजविचाराची ओळख मराठी वाचकाला, विशेषतः खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला करून द्यावी, हा या पुस्तकाचा हेतू. आपल्याकडं हा विषय पाठांतराचा झाला आहे. मुलं गाईड आणतात, व्याख्या पाठ करतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमच्या 'अ‍ॅनॉमी'साठी पाठ्यपुस्तकांनी 'प्रमाणकशून्यता' असा शब्द दिला. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून कोणालाच काही दिसत नाही. एकदा वर्गात मी विचारलं, एखाद्याच्या वागण्याला काही सीमाच उरली नाही तर तुमची आजी काय म्हणेल? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "धरबंध नाही राहिला म्हणेल." दुर्खाइम समजावायला मला त्या दिवशी जास्त बोलावं लागलं नाही. तेव्हापासून मी 'धरबंध सुटणं' हाच शब्द वापरतो, आणि या पुस्तकातही तोच आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनंड ट्योनीसनं १८८७ साली जी दोन जगं वेगळी काढली, नात्यागोत्यानं बांधलेलं आणि करारानं बांधलेलं, त्यातल्या पहिल्यासाठी आपल्याकडं 'गावकी' आणि 'भावकी' हे शब्द आयतेच आहेत. मात्र ट्योनीसनं त्या जगाला दिलेल्या शब्दाला जी ऊब आहे ती गावकीला नाही. गावकीनं महारवाडा गावाबाहेर ठेवला, विहिरीवर पाणी अडवलं. म्हणून अनुवाद करताना शब्दाबरोबर ही जखमही वाचकापुढं आणावी लागते.

युरोपची ही चर्चा आपल्यापासून फार दूर आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कापसाच्या वाटेनं गेलं की ती तक्रार टिकत नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्स न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठी हिंदुस्थानवर लेख लिहीत होता. इंग्रज इथं रेल्वे घालतील ते आपल्या गिरण्यांना कापूस आणि कच्चा माल स्वस्तात मिळावा म्हणून, हे त्यानं स्पष्ट लिहिलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि तिथल्या मजुरांवर उपासमार आली. वऱ्हाडच्या कापसाला मात्र कधी नव्हता तो भाव आला. ज्वारीच्या शेतात कापूस शिरला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरले. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. शतक संपता संपता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, याच सुपीक वऱ्हाडात दुष्काळानं माणसं मेली. मँचेस्टरमधल्या मजुराची चूल आणि कारंज्याच्या कास्तकाराची चूल एकाच भावाच्या पाटीवर आली होती, आणि दोघांनाही एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. युरोपात समाजशास्त्र नावाचा अभ्यास उभा राहिला तो नेमका या काळात, गिरणीच्या धुरात. फ्रीड्रिक एंगेल्सनं इंग्लंडच्या कामगारांवरचं पुस्तक १८४५ साली लिहिलं, ते मँचेस्टरच्या गल्ल्या पायी हिंडून. त्या गल्ल्यांच्या दुसऱ्या टोकाला पुढं आपली काळी माती जोडली गेली.

याचा पुरावा लोखंडाचाही आहे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला सगळा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणतो, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खासगी इंग्रजी कंपनीनं घातली, कापूस काढून न्यायला. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं. ते १९९४ पर्यंत चाललं. माझ्या पिढीनं त्या गाडीतून उतरून पळसाची फुलं तोडली आहेत आणि पळत जाऊन पुन्हा गाडी पकडली आहे, इतकी ती सावकाश. रेल्वे आली की जातीचा पाया असलेली वंशपरंपरेची श्रमविभागणी मोडेल, असंही मार्क्सनं त्याच १८५३ च्या लेखांत म्हटलं होतं. शकुंतला सुरू होऊन शंभर वर्षं होऊन गेली, आता ती बंदही पडली. डब्यात सगळे शेजारी बसले, हे खरं. पण ज्या मांडवापासून मी सुरुवात केली, तिथं सोयरीक अजून जातीतच ठरते. एका मोठ्या माणसाचा अंदाज आपल्या स्टेशनवर तपासून बघता येतो, यापेक्षा विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

रेल्वेनं एक मात्र खरंच मोडलं. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार. पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीवर जमणारा समाज आज तांड्यातांड्यांतून शेती, मजुरी आणि स्थलांतर यांच्यात वाटला गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरत्या माणसाकडं संशयानं बघायची जी सवय लावली, ती कायदा जाऊनही पुरती सुटली नाही. फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोवर या पुस्तकात एक प्रकरण आहे. नोंद, हजेरी आणि नजर यांतून सत्ता कशी चालते ते त्यानं सांगितलं. तांड्यातल्या विद्यार्थ्यांना ते प्रकरण मला कधी फारसं शिकवावं लागलं नाही.

एमिल दुर्खाइमजवळ मी या पुस्तकात जास्त थांबलो आहे, त्याचं कारण, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, वाशीम जिल्ह्यातल्या कोणालाही सांगायला नको. १८९७ साली त्यानं आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. भाचा मार्सेल मॉस यानं त्यासाठी सुमारे २६ हजार नोंदी वेगळ्या करून दिल्या होत्या. माणसाचं सर्वांत खासगी वाटणारं दुःख घेऊन दुर्खाइमनं विचारलं, की एखाद्या समाजात आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच का राहतं? उत्तर त्यानं त्या माणसाच्या स्वभावात शोधलं नाही, त्याला धरून ठेवणाऱ्या माणसांत शोधलं. आणि त्यानं एक अनपेक्षित गोष्ट दाखवली: मंदीत जसा धरबंध सुटतो तसा अचानक आलेल्या तेजीतही सुटतो, कारण किती हवं याचं माप हरवतं. कापसाच्या भावाचा दीडशे वर्षांचा चढउतार माहीत असलेल्या माणसाला हे वाक्य जपून ठेवावंसं वाटेल.

पण दुर्खाइमनं सरकारी आकडे आहेत तसे धरले, आणि इथं मला त्याच्याशी भांडायचं आहे. डिसेंबर २००५ नंतर राज्यानं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वाशीम त्या सहांत होता. मदतीसाठी प्रत्येक मृत्यूची छाननी होते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा. सातबारा आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवाना असलेल्या सावकाराचं? मग कागदावर एक शब्द येतो: 'पात्र' किंवा 'अपात्र'. मक्त्यानं किंवा बटईनं शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. पाहुण्याकडून, कृषी केंद्राकडून उधारीवर घेतलेलं बियाणं कर्जात मोजलं जात नाही. बाईनं आयुष्य शेतात घातलं तरी शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. आकडा तयार होतो तो असा. १९६७ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यानं दुर्खाइमवर हाच मुख्य आक्षेप घेतला, की मृत्यूला नाव कोण देतं आणि कशासाठी देतं हे आधी विचारा. डग्लस वाचण्याच्या कितीतरी आधी मी एका घराच्या ओसरीवर बसलो होतो. तिथल्या बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून पुढं केला आणि विचारलं, "सर, अपात्र म्हणजे नेमकं कोण, ते की मी?" मला उत्तर देता आलं नाही. दुर्खाइमचं प्रकरण मी पाच वेळा लिहिलं, आणि पाचही वेळा तो प्रश्न समोर ठेवून लिहिलं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरकडं कारंज्याहून जाणं सोपं आहे. तो १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट पंथाची शिस्त आणि भांडवलशाही यांचं नातं शोधत होता. पुढं हिंदुस्थानातल्या धर्मांवर लिहिताना त्यानं जैन व्यापाऱ्यांचा विचार केला. अहिंसेमुळं शेती आणि अनेक कारागिरी वर्ज्य झाल्या आणि व्यापार उरला, असं त्याचं म्हणणं. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या जैन परंपरांची मंदिरं आणि जुन्या पोथ्यांचे भांडार असलेलं, शेजारी कापसाची मोठी बाजारपेठ असलेलं कारंजा डोळ्यांपुढं ठेवून वेबर वाचावा. तो कुठं पटतो आणि कुठं पुस्तकी वाटतो, ते आपोआप कळतं. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या शेती करणारे जैनही आहेत, हे त्याला कोणी सांगायला हवं होतं.

हे सगळं वाचताना आपण परक्याच्या दारात उभे आहोत असं मराठी वाचकानं समजू नये. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्यात फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्दचा अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी घेतला आणि वरच्या वर्गानं दार लावून घेतलं की खालचे त्याचं अनुकरण कसे करतात, हे समजावण्यासाठी वापरला. पुढं १९३६ साली त्यांनी मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. दुर्खाइमच्या श्रमविभागणीवरच्या १८९३ च्या ग्रंथाशेजारी हे वाक्य ठेवलं की त्या ग्रंथाला एक नवं प्रकरण जोडल्यासारखं होतं. दुर्खाइमला श्रमाच्या वाटणीत नव्या ऐक्याचं बीज दिसलं, सक्तीनं झालेली वाटणी त्याला अपवाद वाटली. बाबासाहेबांच्या समोर तो अपवादच नियम होता. युरोप कसा वाचावा याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला धडा हाच, आणि तो मराठी माणसानं दिलेला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेही इथं आठवतं. ज्या युद्धानं ती मुक्ती आली, त्याच युद्धानं वऱ्हाडात कापूस पसरवला होता.

शेवटचा भाग आजच्या युरोपवर आहे आणि तो मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण तिथली घडी अजून बसलेली नाही. गावं रिकामी होताहेत, म्हातारी माणसं वाढताहेत, शेतात राबायला आणि वृद्धांची सेवा करायला बाहेरून माणसं येताहेत आणि त्यांच्यावरून राजकारण पेटतं आहे. उलरिश बेक या जर्मन विचारवंतानं १९८६ मध्ये 'जोखमीचा समाज' ही कल्पना मांडली. संकट व्यवस्थेतून येतं आणि निस्तरायचं मात्र एकेकट्यानं, हे त्याचं निरीक्षण. सोयाबीन सोंगायच्या आठवड्यात लागलेला पाऊस, दरवर्षी बदलणारं बियाणं आणि पीक विम्याचा अर्ज भरायला सेतू केंद्रापुढं लागलेली रांग पाहिलेल्या माणसाला ते समजतं. इकडं २०१८ साली वाशीमचं नाव देशाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आलं. २०२२ पासून समृद्धी महामार्गावरून गाड्या आपल्या शिवारातून सुसाट जातात. महामार्गाच्या कुंपणापलीकडं वखर चालवणारा माणूस त्या गाड्यांना दिसत नाही. त्याला मात्र त्या दिवसभर दिसतात.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. दुर्खाइम आणि बूर्दिय आधी वाचले तरी चालतील, मार्क्सला मात्र कापसाच्या हंगामात घ्यावं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गावात जाऊन विचारायचा एक प्रश्न आहे. उत्तर वहीत लिहावं, ज्यानं सांगितलं त्याच्याच शब्दांत लिहावं, आणि मग प्रकरण पुन्हा वाचावं. मार्क्सच्या प्रकरणाखालचा प्रश्न सालदारीबद्दल आहे. पाडव्याला ठरायचं, वर्षभर एका घरी राबायचं, ज्वारी आणि ठरलेले पैसे घ्यायचे. अडचणीला उचल घेतली की तिच्यापायी माणूस त्याच घराला बांधला जायचा. आता सालदार मिळत नाही. ज्याची बांधिलकी सुटली तो सकाळी चौकात उभा राहून रोज ठरवतो आणि संध्याकाळी पैसे मोजून घेतो. यात काय मिळालं आणि काय गेलं, हे त्यालाच विचारायचं. प्रश्न असा आहे: तुमच्या गावात शेवटचा सालदार कोणाच्या घरी होता, आणि तो गेल्यावर त्या घरच्या बैलांना पोळ्याला कोण सजवतं?